कारंज्याहून सिसिलीला, पगारासकट

लग्नाकार्यात नवी ओळख झाली की माणसं विचारतात, "नोकरी कुठं होती म्हणे तुमची?" मी सांगते, कारंज्याजवळच्या संत्रा संशोधन केंद्रात. लगेच समोरचा खुर्ची पुढे ओढतो. "मंग सांगा बरं, आमचे संत्रे पिवळे व्हायच्या आधीच काऊन गळून राह्यले?"

मला ते माहीत नाही. अख्खी नोकरी तिथं काढली, तरी संत्री का गळतात ते मला सांगता येणार नाही. मी शास्त्रज्ञ नव्हते. माझं काम माणसं पाठवायचं आणि माणसं आणायचं. हे ऐकलं की समोरचा खुर्ची पुन्हा मागे घेतो. एका मावशींनी तर हळूच विचारलं होतं, "म्हणजे ट्रॅव्हल्सचं ऑफिस होतं काय वो?"

तेव्हा एकदाचं नीट सांगून टाकते.

आमचं केंद्र कारंजा घाडग्याच्या बाहेर, हायवे सोडून आत वळलं की बागांच्या मधोमध. एका ट्रस्टनं चालवलेलं. एक प्रयोगशाळा, एक रोपवाटिका, बैठं ऑफिस, आणि त्या ऑफिसात मी. सुरुवातीला टायपिंग केलं, मग आस्थापना सांभाळली. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना आमचे संचालक निंभोरकर सर यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "पुष्पाताई, आपण परदेशातल्या संस्थेबरोबर माणसांची अदलाबदल करणार आहोत. कागदाचं सगळं तुमच्याकडे."

युरोपात अशा योजना असतात. शोधनिबंध ईमेलनं पाठवता येतो, पण हाताचं काम पाठवता येत नाही. ते शिकायचं तर माणसानंच माणसाशेजारी उभं राहावं लागतं. म्हणून तिकडचा माणूस काही महिने इकडे येऊन काम करतो, इकडचा तिकडे जातो. अनुदान मिळतं ते माणसाच्या मुक्कामावर. यंत्र घ्यायला, इमारत रंगवायला त्यातून छदाम मिळत नाही. जिचा माणूस ती संस्था त्याचा पगार चालू ठेवते, जिच्याकडे तो जातो ती त्याला टेबल आणि काम देते, आणि प्रवासाचा, राहण्याखाण्याचा खर्च अनुदानातून होतो. माणूस मुदतीआधी परतला की त्या महिन्याचं अनुदान गेलं. इतकं साधं.

यात एक गंमत होती. त्यांच्या नियमाप्रमाणे गरीब देशांच्या माणसांचाही खर्च युरोप करतं. जे देश जरा वर आलेत, त्यांनी आपला खर्च आपण करायचा. आपला देश वर आलेल्यांत धरलेला. म्हणजे त्यांची माणसं त्यांच्या पैशानं येणार आणि आपली आपल्या पैशानं जाणार. मी सरांना म्हटलं, "सर, आपण श्रीमंत झालो हे कारंज्यात कोणाला सांगितलं का कुणी?" सर पोट धरून हसले आणि दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं नागपूरच्या फेऱ्या मारायला लागलो. बरेच खेटे घातल्यावर सरकारच्या एका विभागानं आपल्या बाजूचा खर्च उचलायचं मान्य केलं. अट एवढीच, की नियम युरोपचेच लागू राहतील.

आमची जोडी जमली सिसिलीतल्या एका प्रयोगशाळेशी. सिसिली म्हणजे इटलीच्या पायथ्याशी असलेलं बेट. तिथंही संत्रीच संत्री, आणि संत्र्याच्या झाडाचं दुखणंही तेच, जे आपल्याकडे आहे. आपण त्याला डिंक्या म्हणतो. बुंध्यातून डिंक गळायला लागतो, साल सडते आणि बघता बघता उभं झाड वाळून जातं. हे करणारी बुरशी मातीत लपून असते. ती कुठल्या कोपऱ्यातल्या मातीत आहे हे वेळेत कळलं तर बाकीची बाग वाचते. हे वेळेत कळावं म्हणून एवढा सगळा खटाटोप.

तिकडून पहिली आली पाओला. मुळांच्या रोगांची अभ्यासक, वयानं चाळिशीची, उंचपुरी, आवाज असा की दोन बागा पलीकडे ऐकू जावा. नागपूर विमानतळावर मी हार घेऊन उभी होते. ती बाहेर आली, हात पसरून माझ्याकडे झेपावली, आणि मी तिला म्हटलं, "आधी बोर्डिंग पास."

ती बिचारी गडबडली. पण माझ्या धंद्यात माणूस कोणत्या दिवशी आला आणि कोणत्या दिवशी गेला याचा पुरावा म्हणजे तो कागदाचा चिटोरा. तो हरवला की माणूस समोर उभा असूनही आलाच नाही असं व्हायचं. पाओलानं सगळे खिसे उलटे केले. शेवटी एका च्युइंगमच्या पाकिटाला चिकटलेला सापडला. मी तो जपून पर्समध्ये ठेवला, मग तिच्या गळ्यात हार घातला. पुढे ती ही गोष्ट सगळ्यांना सांगायची, दरवेळी मला थोडं जास्त खडूस करून.

हायवेवरच्या लॉजमध्ये एकट्या बाईला ठेवणं बरं दिसेना, म्हणून आमच्या घरची वरची खोली तिला दिली. माझ्या स्कूटीवर मागे बसून ती केंद्रात यायची. तिचे पाय इतके लांब की खड्डा आला की ती दोन्ही पाय जमिनीला टेकवायची आणि स्कूटी तिच्याखालून पुढे निघून जायची की काय असं मला वाटायचं. जुलैचे दिवस. बागेतून परतताना तिच्या बुटांना काळ्या मातीची एवढाली ढेकळं. तिचं इंग्रजी आणि आमचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यानं एकमेकांचं छान समजायचं. मराठी ती प्रयोगशाळेतल्या माणसांकडून शिकली, त्यामुळे ती वऱ्हाडीच शिकली. "काऊन" हा शब्द तर तिला इतका आवडला की ती तो दर वाक्याला लावायची.

प्रयोगशाळेत तिच्या टेबलाशेजारचं टेबल ज्योत्स्ना थूलचं. ज्योत्स्ना आमची तंत्रसहायक. माहेर रोहण्याचं, सासर कारंज्यात. नवरा सुनील, त्याचं हायवेवर टायरचं दुकान. शेतकऱ्यांनी आणलेली माती तपासायचं काम तिचं. ती माती ट्रेमध्ये घ्यायची, वर पाणी सोडायचं, आणि पाण्यावर पानांचे छोटे तुकडे तरंगत ठेवायचे. मातीत बुरशी असेल तर ती पानावर येऊन बसते. मग पान पाहायचं, बुरशी वेगळी काढायची, वाढवायची, ओळखायची. रोज ठरलेल्या वेळी पाहावं लागतं. पाओलाकडे हेच काम करायची एक वेगळी, वेगवान रीत होती, आणि ती इथल्या मातीत चालते का हे तिला पाहायचं होतं. दोघी दिवसभर ट्रेवर वाकलेल्या. एकमेकींशी बोलायच्या फार कमी आणि हसायच्या फार.

ऑगस्टमध्ये एका सकाळी पाओला माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चेहरा गोंधळलेला.

"पुष्पा, ज्योत्स्ना इथे आहे. पण ज्योत्स्ना म्हणते, ती इथे नाही."

मला लगेच कळलं. ज्योत्स्ना कंत्राटी होती. आमच्याकडे कंत्राट अकरा महिन्यांचं असायचं. ते संपलं की काही दिवसांचा खंड, म्हणजे नोकरी नाही, मस्टरवर सही नाही, पगार नाही. मग पुन्हा नवं कंत्राट. माणूस सलग नोकरीत दिसला तर कायम करा म्हणेल, म्हणून ही पद्धत. आमच्याकडेच नव्हे, सगळीकडेच आहे, वाचकांपैकी कित्येकांनी भोगलीही असेल. पण बुरशीला खंड माहीत नसतो. ट्रेमधली पानं रोज पाहावीच लागतात. म्हणून ज्योत्स्ना दरवर्षी त्या दिवसांतही यायची, काम करायची आणि सही न करता घरी जायची.

हे सगळं मी पाओलाला मोडक्या इंग्रजीत सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काऊन?"

मी पुन्हा सांगितलं. ट्रस्टचा नियम, कायद्याची भीती वगैरे.

"ते समजलं," ती म्हणाली. "पण काऊन?"

ती परत प्रयोगशाळेत गेली. थोड्या वेळानं मी डोकावले तर पाओला काचेची भांडी धूत होती आणि ज्योत्स्ना त्यांच्यावर पाणी ओतत होती.

पाओला गेली. पुढच्या वर्षी आपल्याकडून कोणी जायचं हे ठरवायची वेळ आली. अशा योजनेत फक्त शास्त्रज्ञच जातात अशी समजूत असते. तसं नाही. तंत्रज्ञ जाऊ शकतो, ऑफिसातला माणूसही जाऊ शकतो. निंभोरकर सर म्हणाले, "ती रीत शिकून येऊन इथं रोज करणार कोण? ज्योत्स्ना. मग जाणार ज्योत्स्ना." ते स्वतः तरुणपणापासून परदेशी जायला झुरले होते, आणि ती संधी त्यांनी अशी एका वाक्यात सोडून दिली. मी त्यांचं हे कधी विसरले नाही.

ज्योत्स्नाला सांगितलं तर ती माझ्याकडे बघतच राहिली. "मॅडम, मी अजून मुंबई नाई पाह्यली."

"व्हिसासाठी मुंबईला जावंच लागते. पाहून घेजो," मी म्हटलं.

घरच्यांशी बोलायला मी तिच्या घरी गेले. सुनील एका शब्दानं नाही म्हणाला नाही, पण सारखा आईकडे बघत होता. त्याची आई कौसल्याबाई. भाजी निवडता निवडता त्यांनी विचारलं, "किती महिने?"

"तीन. मे, जून, जुलै. आर्याची उन्हाळ्याची सुट्टी त्यातच येते." आर्या म्हणजे ज्योत्स्नाची मुलगी, तेव्हा तिसरीतून चौथीत जाणारी.

"पगार चालू राहीन?"

"राहीन."

कौसल्याबाईंनी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या तसबिरीकडे बोट दाखवलं. "ते गेलते ना शिकाले समुद्रापलीकडं. मंग आमच्या घरात हे काय नवं हाय? जाऊ द्या तिले. पोट्टीले मी पाह्यतो."

एवढं सोपं झालं म्हणून मी आनंदात ऑफिसात आले, ज्योत्स्नाच्या नेमणुकीचे कागद काढले, आणि तारखेवर माझं बोट अडलं. योजनेत स्वच्छ लिहिलेलं होतं. परदेशी असताना माणूस पाठवणाऱ्या संस्थेच्या नोकरीत सलग असला पाहिजे. अकरा महिन्यांच्या कंत्राटामुळे खंड दरवर्षी जवळजवळ महिनाभर अलीकडे सरकतो. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये होता, म्हणजे यंदा जुलैत. ज्योत्स्ना सिसिलीत ट्रेवर वाकलेली असताना इकडे आमच्या लेखी ती कोणीच नसणार. मुक्काम बाद. तिचा खर्च कोण देणार हा प्रश्न, आणि आपण माणूस पाठवू शकत नाही म्हटल्यावर पुढच्या पावसाळ्यात त्यांनी तरी माणूस का पाठवावा? सगळा करार त्या चार दिवसांच्या खंडावर अडकला.

खंड काढायचा अधिकार ट्रस्टचा. ट्रस्टचे सचिव ढोबळे साहेब, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, शब्दाला पक्के आणि नियमाला त्याहून पक्के. आष्टीला त्यांची संत्र्याची बाग. मी तिथं गेले. साहेब बागेतच होते, डोक्याला पंचा, हातात विळा.

"साहेब, ज्योत्स्नाचा जुलैतला खंड काढावा लागते."

"कसा काढता येईन पुष्पाताई? एकीचा काढला का साऱ्याइचा काढा लागते. उद्या म्हणतीन परमनंट करा. त्यापेक्षा परमनंट माणूस पाठवा ना तुम्ही."

"परमनंटमध्ये हे माती तपासाचं काम करनारं कोनी नाई."

"मंग शिकवा एखाद्याले."

"तेच शिकाले तर ती चालली."

साहेब हसले, पण मान हलली ती नकाराकडेच. विषय बदलावा म्हणून त्यांनी मला झाडं दाखवायला नेलं. बुंध्यांना बुरशी अडवणारं बोर्डो मलम लावलेलं, निळसर. एका झाडाच्या सालीवरून त्यांनी माया केल्यासारखा हात फिरवला.

"पाहा, कसं कोरडं झालं. मागच्या वर्षी हे झाड मी तोडाले निघालो होतो. पोळ्याच्या आधी तुमच्याकडं माती तपासाले आनली. त्या पोरीनं सांगतलं का रोग या कोपऱ्यातच हाय, इथलं पानी खाली जाऊ देऊ नका. वाचली ना बाग."

माझ्या डोळ्यांसमोर तो दिवस जसाच्या तसा आला. साहेबांची जीप फाटकात शिरली तेव्हा ऑफिसात धावपळ उडाली होती, कारण खंडावरची ज्योत्स्ना आत काम करत होती. मी तिला मागच्या खोलीत जायला सांगणार, तोवर साहेब मातीची पिशवी घेऊन थेट प्रयोगशाळेत पोचले होते.

मी म्हटलं, "साहेब, माती कोनाच्या हातात देल्ली होती तुम्ही?"

"कोनाच्या म्हणजे? त्याच पोरीच्या. ज्योत्स्नाच्या."

"त्या दिवशी ज्योत्स्ना कामावर नव्हती."

"अशी कशी नव्हती? माझ्यासमोर उभी होती."

"तिचा खंड चालू होता साहेब. त्या दिवशी ती आपल्याकडं नोकरीले नव्हती. सही नाई, पगार नाई."

साहेब थांबले. हातातला विळा त्यांनी झाडाला टेकवून ठेवला.

"आन तिनं माती घेतली?"

"घेतली. ट्रेमध्ये टाकली, रोज येऊन पाह्यली, तुम्हाले निकाल देल्ला."

"अन् मी तपासनीची फी भरलती."

"भरलती. पावतीही नेली."

"बाप्पा!" म्हणाले आणि पंचा काढून त्यांनी तोंड पुसलं. मला वाटलं रागावले. मग त्यांच्या खांद्यांना हसू फुटलं, आवाज न करता. "पुष्पाताई, हे तुम्ही ऑफिसात सांगतलं असतं तर मी ऐकलं नसतं. झाडाखाली आनून सांगतलं तुम्ही."

"झाडाखाली तुम्हीच आनलं साहेब."

ट्रस्टच्या सभेत ढोबळे साहेबांनी विषय असा मांडला, की जणू तो त्यांच्याच बागेत उगवला होता. एका सभासदानं विचारलं, एकीचा खंड काढला तर बाकीचे काय म्हणतील. साहेब शांतपणे म्हणाले, "बाकीच्याइचाही काढू. नियम म्हणजे साऱ्याइले सारखा." मी सभेचं इतिवृत्त लिहीत होते. माझा पेन मध्येच थांबला. आमचा ड्रायव्हर, पहारेकरी, रोपवाटिकेत कलमं बांधणाऱ्या बाया, सगळे त्या एका वाक्यात सलग नोकरीत आले. मी मागायला गेले होते एकीसाठी. बाकीचं मागायची माझी हिंमतही झाली नसती.

ज्योत्स्ना मेमध्ये गेली. नागपूर विमानतळावर अख्खं कुटुंब आलं होतं. सुनीलनं बॅग तीनदा उचलून वजनाचा अंदाज घेतला. कौसल्याबाईंनी तिखट, झुणक्यासाठी बेसन आणि एक लोखंडी तवा दिला होता. तवा मी काढून ठेवायला लावला, त्यावरून कौसल्याबाई माझ्याशी घरी येईपर्यंत बोलल्या नाहीत.

तिकडून तिचा पहिला फोन आला तो घाबरलेला. "मॅडम, इथला संत्रा आतून लालभडक हाय. मले वाटलं सडला. मी फेकून देल्ला आन पाओला मॅडमनं कचऱ्यातून काढून खाल्ला!" दुसरी तक्रार अशी की तिथला संत्रा हातानं सोलवत नाही, सुरी लागते. "आपला कसा, बोट लावलं का कपडे काढते."

मग हळूहळू फोन येणं कमी झालं. हे आमच्या धंद्यात शुभ असतं. फोन कमी म्हणजे माणूस रुळला.

जूनच्या शेवटी मात्र एका दुपारी तिचा रडवेला आवाज आला. आर्याला ताप होता, उतरत नव्हता. "मॅडम, मले परत यायचं हाय."

ती आली असती तर तो महिना गेला असता. इतकी मारामार करून मिळवलेला मुक्काम अर्धवट राहिला असता. माझ्यासमोर कागद उघडाच होता. मी तो मिटला. "तुले यायचं असन तर ये. तिकिटाचं मी पाह्यते. महिना गेला तर गेला."

"खरंच मॅडम?"

"खरंच. पन मी आधी घरी जाऊन पोरीले पाहून येते. मंग ठरवू."

कौसल्याबाईंच्या घरी गेले तर आर्या गादीवर पडून मोबाईलवर कार्टून बघत होती. डॉक्टरांनी रक्त तपासलं होतं, डेंगू नव्हता, मलेरिया नव्हता, साधा ताप. मी ज्योत्स्नाला व्हिडिओ कॉल लावला. कौसल्याबाईंनी फोन माझ्या हातातून घेतला.

"काऊन रडून राह्यली? पोट्टी पेज पेली. आता कार्टून पाहून राह्यली. तू येऊन काय करशीन? तिच्यासंग कार्टून पाहशीन?"

"आई, तिचा चेहरा दाखवा."

चेहरा दाखवला. आर्यानं आईकडे नीट बघितलं आणि पहिलं वाक्य काढलं, "आई, ज्वालामुखी दाखव ना."

त्या बेटावर खरोखरचा ज्वालामुखी आहे, प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसतो. ज्योत्स्नानं डोळे पुसले, फोन खिडकीकडे केला. लांब डोंगरावर पांढऱ्या धुराची रेघ दिसत होती. आर्या म्हणाली, "एवढासाच?" आणि परत कार्टूनकडे वळली. ज्योत्स्ना तिकडे आणि कौसल्याबाई इकडे एकदमच हसायला लागल्या. ती राहिली. जुलै अखेरीस, ठरल्या दिवशी, पूर्ण मुदत करून परतली.

तिनं शिकून आणलेली रीत आता केंद्रात रोज चालते. पूर्वी निकालाची वाट बघता बघता शेतकरी कंटाळून जायचा. आता कारंज्याच्या बाजाराला येणारा माणूस एका बाजारी माती देऊन जातो आणि पुढच्या बाजारी निकाल नेतो. आणि ज्योत्स्नाच्या बोर्डिंग पासचं म्हणाल, तर तो आर्यानं वर्गात दाखवायला म्हणून चित्रकलेच्या वहीत चिकटवला. फेविकॉलनं. मी ती अख्खी वही झेरॉक्सच्या यंत्रावर पालथी घातली. विभागाच्या फाईलमध्ये आमच्या नोंदीबरोबर एका मोराची शेपटीही गेली आहे.

मनाला लागून राहिलं असं काही नाही का? आहे. रोपवाटिकेतल्या बायांपैकी एकीला तरी पाठवायचं मनात होतं. कलम बांधण्यात तिकडच्यांना त्यांच्याकडून घेण्यासारखं होतं आणि यांना तिकडून. पण योजनेची मुदत संपली. दोन्ही संस्थांनी मिळून पुन्हा अर्ज केला, तो मंजूर झाला नाही. अनुदान देणारे कारण कळवतात ते असं, की प्रस्ताव उत्तम आहे, पण अधिक उत्तम प्रस्ताव आले होते. शेवटच्या फेरीत निंभोरकर सरांनी माझंही नाव घातलं होतं, ऑफिसची माणसं पात्र असतात म्हणून. पण मुक्कामाच्या आधीच माझी निवृत्ती येत होती, आणि निवृत्त माणूस सलग नोकरीत नसतो. नियम मी स्वतःच सरांना वाचून दाखवला. माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त वाईट वाटलं. मी हौसेनं काढलेला पासपोर्ट कपाटात आहे, अगदी कोरा. पाओला म्हणते अनुदान जाऊ दे, पाहुणी म्हणून ये. बघू. घरी विषय काढून ठेवला आहे.

पण लिहायला बसले ती खरं तर एका गोष्टीसाठी. ज्योत्स्नाला परतून काही आठवडे झाले असतील. संध्याकाळी घरी निघताना ती माझ्या टेबलाशी आली आणि पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत उभी राहिली.

"मॅडम, उद्या मी येत नाई."

"बरं नाई का?"

"बरं हाय."

"आर्याचं काही? पाहुणे येऊन राह्यले का कोनी?"

"नाई. आर्याची शाळा हाय. सुनील दुकानात. आई रोहण्याले चालल्या माझ्या आईकडं." मग इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "कामच काही नाई. नुसती घरी राहीन म्हनते. झोपीन. चालते ना?"

कंत्राटी माणसाला आमच्याकडे रजा नव्हती. आला तर पगार, नाही आला तर नाही. सलग नोकरी झाल्यावर त्यांच्या खात्यावर पहिल्यांदा हक्काची रजा पडली होती, आणि ती घेऊन बघायचं धाडस सगळ्यांत आधी ज्योत्स्ना करत होती. तापात, सणात, सासऱ्यांच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा ट्रे पाहायला आलेली बाई मला विचारत होती की उगाच झोपलेलं चालतं का.

"चालते," मी म्हटलं. "पगारासकट चालते."

दुसऱ्या दिवशी तिच्या ट्रेमधली पानं निंभोरकर सरांनी पाहिली. चष्मा कपाळावर चढवून, एकेक तुकडा चिमट्यानं उचलून. अकराच्या सुमाराला माझा फोन वाजला. ज्योत्स्ना होती.

"मॅडम, पानं पाह्यली का कोनी?"

"सरांनी पाह्यली. साऱ्या ट्रेमधली."

"तिसऱ्या ट्रेतलं पानी बदलवलं?"

"बदलवलं."

पलीकडून पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

"ज्योत्स्ना," मी म्हटलं, "झोप आता."